घाम वाळत नाही त्या दिवसांत

चैत्र संपून वैशाख लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूरच बदलतो. यंदाही पालघरपासून मडगावपर्यंतच्या किनारपट्टीवरून आलेल्या पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत मांडलेली आहे, ती म्हणजे सकाळी नीटनेटके होऊन घराबाहेर पडावे आणि अर्ध्या तासात चेहरा, कपडे व केस यांपैकी काहीही जागेवर राहू नये. त्यांतील काही प्रश्न संक्षिप्त करून येथे घेतले आहेत.

प्रश्न : नागपूरहून बदली होऊन आम्ही गेल्या वर्षी ठाण्यास आलो. तिकडे ४५ अंशांतही संध्याकाळी माझा चेहरा कोरडा व स्वच्छ असे. येथे पारा ३४-३५च्या आसपासच असतो, तरी अकरा वाजेपर्यंत चेहरा तेलकट आणि मलूल दिसू लागतो. सोबत आणलेल्या कूलरचाही काही उपयोग होत नाही. असे का होते? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : घाम तुम्हाला नागपुरातही भरपूर येतच होता, तो दिसण्यापूर्वी वाळून जात होता, एवढाच फरक आहे. शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे. एक लिटर घाम त्वचेवर पूर्णपणे वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. विदर्भातील उन्हाळी हवेत बाष्प इतके कमी असते की ती त्वचेवरचे पाणी आल्या क्षणी शोषून घेते. समुद्राकाठच्या हवेत मुळातच बाष्प भरलेले असल्यामुळे आणखी पाणी सामावून घेण्याची तिची ताकद उरलेली नसते. परिणामी घाम त्वचेवरच साचतो, त्यात त्वचेचे तेल आणि रस्त्यावरची धूळ मिसळते, आणि शरीर थंड न झाल्यामुळे पुन्हा नवा घाम सुटतो. कूलरही पाणी वाळण्याच्या तत्त्वावरच चालत असल्याने वाळ्याच्या ताट्यांतून येणारी जी हवा नागपुरात सुखद वाटते, तीच ठाण्याच्या बंद खोलीत चिकचिक वाढवते. तेव्हा कूलर माळ्यावर टाकावा, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि पंख्यावर भिस्त ठेवावी.

नागपुरात रोज लावत असलेले जाड क्रीमही त्या कूलरसोबतच बाजूला ठेवावे, कारण कोरड्या हवेत जे क्रीम त्वचेतील ओल राखत होते, ते येथे घामाच्या वाटेत आडवे येते. त्याऐवजी जेलसारखे हलके, तेलविरहित मॉइश्चरायझर रात्री पुरेसे होते. दिवसभर वातानुकूलित कार्यालयात बसणे असेल तर सकाळीही त्याचा पातळ थर द्यावा. दमट हवेत चेहऱ्यावर काय लावावे यापेक्षा काय लावू नये आणि साचलेला घाम केव्हा टिपून घ्यावा, या गोष्टींना अधिक महत्त्व असते. पुढील बहुतेक उत्तरांचा रोख तोच आहे.

प्रश्न : मी डोंबिवलीहून रोज सकाळच्या जलद लोकलने मुंबईत कामाला जाते. घरातून निघताना काजळ, कॉम्पॅक्ट आणि लिपस्टिक व्यवस्थित लावलेले असते, परंतु सीएसएमटीला उतरेपर्यंत काजळ गालावर आलेले असते आणि पावडरच्या चकत्या दिसतात. माझ्या कामात लोकांना भेटावे लागते. जास्त टिकणारी प्रसाधने घ्यावीत का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : प्रसाधनांवर अधिक पैसे खर्च करण्यापूर्वी सकाळच्या कामांचा क्रम बदलून पाहावा, असे मी सुचवीन. आपल्याकडील बहुतेक घरांत बाई आधी आंघोळ करते, मग गॅससमोर उभी राहून डबे करते आणि त्याच तापलेल्या अंगावर कपडे व पावडर चढवते. यापेक्षा भाजी-पोळी आधी उरकून आंघोळ शेवटी करावी आणि तीही कढत पाण्याने करू नये. आंघोळीनंतर लगेच ब्लाउज किंवा कुडता न चढवता सुती गाऊनवर दहा मिनिटे पंख्याखाली बसावे. ही दहा मिनिटे सकाळच्या घाईत मिळणे अवघड आहे याची मला कल्पना आहे. तरीही घरातील इतरांकडून डबे भरून घेऊन ती काढावीत, कारण न्हाणीघरातील वाफेने ओलावलेल्या चेहऱ्यावर लावलेले काहीही पुढे टिकत नाही.

दुसरे असे की, चेहऱ्याची तयारी घरी न करता कार्यालयात करावी. घरातून निघताना धुतलेला चेहरा आणि त्यावर सनस्क्रीन एवढेच पुरे. डब्यातील गर्दीत, दुसऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभे असताना कोणतीही पावडर तग धरत नाही, कारण घाम तिच्या खालून येतो आणि थराला वर ढकलतो. कोरडी पावडर घामावर पडली की तिचा लगदा होतो आणि तुम्ही लिहिलेल्या चकत्या त्या लगद्याच्याच असतात. स्थानकावरून चालत कार्यालयात पोहोचल्यावरही घाम लगेच थांबत नाही. शरीर काही वेळ उष्णता बाहेर टाकतच असते. म्हणून आल्या आल्या आरशासमोर उभे न राहता आधी पाणी प्यावे, पंख्याच्या किंवा एसीच्या वाऱ्यात बसावे, चेहऱ्यावर साध्या पाण्याचा एक हबका मारून तो टिपावा, आणि नाकाच्या शेंड्यावर पुन्हा थेंब जमत नाहीत अशी खात्री झाल्यावरच पुढचे काम करावे.

टिपणे आणि पुसणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. रुमाल कपाळावरून ओढला की त्याबरोबर सनस्क्रीन निघते आणि त्वचा घासून लाल होते. मऊ, जुन्या मलमलीचा रुमाल चौपदरी घडी करून कपाळ, नाकाच्या दोन्ही बाजू, वरचा ओठ आणि हनुवटी यांवर क्षणभर दाबून धरावा आणि उचलावा. असे दोन रुमाल पर्समध्ये असावेत, कारण ओला झालेला रुमाल पाणी टिपत नाही, नुसते पसरवतो. तेलकटपणासाठी मिळणारे टिपकागदही चांगले असतात, मात्र आधी घाम टिपून मग कागद लावावा.

काजळाविषयी थोडे कठोर मत देते. पारंपरिक काजळात तेल किंवा तूप असते आणि ते शरीराच्या उष्णतेने पातळ होणारच. वैशाखापुरते खालच्या पापणीच्या आतील काजळ सोडून द्यावे आणि वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी पाण्याने न फुटणाऱ्या लायनरची बारीक रेघ ओढावी. डोळे तितकेच उठावदार दिसतात आणि गालावर ओघळ येत नाहीत. कॉम्पॅक्ट लावायचेच असेल तर पफने थापू नये. ब्रशवर थोडे घेऊन झटकावे आणि केवळ नाक व कपाळावर लावावे. गालांवर थोडी चमक राहिली तर राहू द्यावी. दमट प्रदेशातील निरोगी चेहरा तसाच दिसतो आणि समोर बसलेल्या माणसाचा चेहराही त्या वेळी चमकतच असतो.

प्रश्न : माझ्या मुलीचे लग्न मे महिन्यात कुडाळजवळ आमच्या घरच्या अंगणातील मांडवात आहे. मुहूर्त सकाळी अकराचा आहे. पार्लरवाल्या ताई भरपूर मेकअप सुचवत आहेत, कारण फोटोत तो चांगला येतो असे त्यांचे म्हणणे आहे. मुलीला घाम फार येतो. काय करावे? (वधूमाता, सिंधुदुर्ग)

उत्तर : सर्वप्रथम अभिनंदन. पार्लरवाल्या ताईंचे म्हणणे वातानुकूलित सभागृहापुरते खरे मानता येईल, परंतु अंगणातील मांडवात, मे महिन्यात, नऊवारी नेसून आणि होमासमोर बसून जाड थर टिकेल अशी अपेक्षा धरू नये. मंगलाष्टकांपर्यंत सारे ठीक असते. खरी परीक्षा लाजाहोमाच्या वेळी होते. वधू अग्नीच्या अगदी जवळ बसलेली असते, धुराने डोळ्यांत पाणी येते, कपाळावर मुंडावळ्यांची दोरी घट्ट बांधलेली असते आणि नेमका तिच्याखालीच घाम साचून भुवयांवर उतरतो. जाड फाउंडेशनला तडे जातात ते तिथेच. म्हणून फाउंडेशन अगदी पातळ असावे, ज्या ठिकाणी डाग आहेत तेथेच थोडे अधिक लावावे, आणि प्रत्येक पातळ थरानंतर तो बसण्यास वेळ द्यावा. तयारी सकाळी ज्या खोलीत होईल तेथे एसी नसेल तर निदान टेबलफॅन असावा, तोही बाजूने लावलेला. मुंडावळ्या बांधण्यापूर्वी कपाळ टिपून घ्यावे, आणि करवलीच्या हाती मलमलीचे तीन-चार रुमाल देऊन विधींच्या मधल्या वेळात टिपण्याचे काम तिच्याकडेच सोपवावे. करवली निवडताना नात्यापेक्षा हाताच्या हलकेपणाला महत्त्व द्यावे, हे जाता जाता सांगून ठेवते.

मांडवात उभा पंखा वधू-वरांच्या पाठीमागे तिरका ठेवावा. फोटोग्राफर तो हटवण्याचा आग्रह धरतील, तेव्हा वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी ठामपणे नाही म्हणावे. होमाच्या वेळी मात्र वारा थेट अग्नीवर येणार नाही अशी त्याची दिशा बदलावी लागेल.

लग्नापूर्वीच्या दिवसांतही काही पथ्ये आहेत. नवे फेशिअल किंवा ब्लीच लग्नाच्या आठवड्यात करू नये. ज्याची सवय आहे ते आठ-दहा दिवस आधी उरकावे. वॅक्सिंग आणि भुवया दोन-तीन दिवस आधी कराव्यात, कारण केस उपटल्यावर रंध्रे हुळहुळी झालेली असतात आणि त्यांत घाम गेला की पुरळ उठते. हळद लावल्यावर ती घासून काढण्याचा अट्टहास करू नये. उरलेली पिवळी छटा वधूला शोभूनच दिसते. नथ चापाची असेल तर ती घामाने घसरते, म्हणून आदल्या दिवशी एकदा घालून पाहावी. गजऱ्यासाठी मोगरा हवाच असेल तर तो ऐन वेळी माळावा, आणि सोबत अबोलीचा वळेसर ठेवावा, जो दुपारच्या पंगतीपर्यंत आपला रंग सोडत नाही.

प्रश्न : मुलीच्या कपाळावर आणि पाठीवर बारीक पुरळ आले आहे. मी बेसन व लिंबू लावते आणि वरून घामोळ्याची पावडर टाकते, पण ते वाढतच आहे. ती पंधरा वर्षांची आहे. (एक वाचक, वसई)

उत्तर : लिंबू आजच थांबवावे. लिंबाचा रस आपल्या त्वचेच्या मानाने फारच आम्ल असतो आणि तो लावून उन्हात गेल्यास भाजल्यासारखे काळे डाग पडू शकतात, जे महिनोन्‌महिने जात नाहीत. बेसनाने घासणेही बंद करावे. घामोळे म्हणजे घामाच्या नलिकांची तोंडे बुजून घाम त्वचेच्या आतच अडकणे. त्यावर घासल्याने किंवा पावडरचा थर दिल्याने ती तोंडे आणखी बुजतात. सैल सुती कपडे, दिवसातून दोनदा साध्या पाण्याने आंघोळ, पंख्याची हवा आणि कॅलामाइन लोशन एवढ्यावर घामोळे चार-सहा दिवसांत उतरू लागते.

मात्र कपाळावरचे पुरळ घामोळेच असेल असे नाही. शाळकरी मुली डोक्याला चापून तेल लावून वेण्या घालतात, ते तेल घामाबरोबर कपाळावर उतरते आणि केसांच्या कडेने बारीक पुटकुळ्या येतात. तेल लावायचे ते न्हाण्याच्या आदल्या रात्री लावावे आणि दुसऱ्या दिवशी धुऊन टाकावे. पुटकुळ्या सर्व एकसारख्या, बारीक आणि खाजणाऱ्या असतील तर त्यामागे त्वचेवरील यीस्ट असू शकते; त्यावर मुरुमांच्या औषधाचा उपयोग होत नाही, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : मी औषध कंपनीचा प्रतिनिधी असून चिपळूण-खेड भागात फिरतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट सक्तीचा आहे. डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरताना काखेत ओले डाग आणि वास यांमुळे संकोच वाटतो. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : उकडते म्हणून बनियन टाकून देणारे पुष्कळ जण आहेत आणि त्यांचा हिशेब चुकतो. बनियनच घाम शोषून शर्टापर्यंत जाऊ देत नाही. परंतु ते सँडो असून भागत नाही, कारण सँडोत काख उघडीच राहते. पातळ सुती, अर्ध्या बाह्यांचे बनियन घालावे आणि एक जादा बनियन बॅगेत ठेवून दुपारी बदलावे. शर्ट पांढरा किंवा गडद निळा असावा. आकाशी आणि राखाडी रंगांवर ओल सर्वांत उठून दिसते. पॉलिस्टरचे प्रमाण अधिक असलेले कापड टाळावे, कारण त्यात वास धरून राहतो.

डिओडरंट आणि अँटीपर्स्पिरंट यांत गल्लत होते. पहिले वास झाकते किंवा जिवाणू कमी करते. दुसऱ्यातील ॲल्युमिनियमचे क्षार घामाच्या नलिकांची तोंडे तात्पुरती बंद करतात. हे दुसरे सकाळी घाईत, घामावर फवारण्यात अर्थ नाही. रात्री झोपण्यापूर्वी, काख धुऊन पूर्ण कोरडी केल्यावर लावावे, म्हणजे क्षारांना नलिकांत बसण्यास वेळ मिळतो. दाढीनंतर फिरवण्याची तुरटी हीदेखील ॲल्युमिनियमचाच क्षार असून ओल्या काखेवर फिरवल्यास वासाला बराच आळा बसतो. केस काढल्या दिवशी मात्र ती झोंबते. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरावेत, कारण एका रात्रीत बूट आतून वाळत नाही.

जांघेत खाज व गोल चट्टे उठले असतील तर दुकानातून मिश्र मलमाची ट्यूब घेऊ नये. त्यांतील स्टेरॉइडने खाज थांबते आणि गजकर्ण मात्र पसरत जाते. लावण्याची अनेक स्टेरॉइड औषधे २०१८ साली परिशिष्ट ‘एच’मध्ये घातली गेली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असणार, परंतु इतर वाचकांसाठी लिहिले.

प्रश्न : दमट हवेत केस पिंजारतात. वारंवार विंचरले तरी बसत नाहीत. (एक विद्यार्थिनी, दापोली)

उत्तर : विंचरणे कमी करावे. केस हवेतील ओल शोषून फुगतात आणि कोरडे असताना विंचरल्याने अधिकच उभे राहतात. धुतल्यावर किंचित ओलसर असतानाच सिलिकोनयुक्त सीरमचे दोन थेंब केवळ टोकांना लावावेत आणि सैल वेणी किंवा अंबाडा घालावा. वेणी घालण्याची लाज वाटण्याचे कारण नाही. कोकणातील हवेसाठी तीच सर्वांत शहाणी केशरचना आहे.

प्रश्न : माझे वय ५४ असून शिक्षिका आहे. कपाळावर टिकलीच्या जागी खाज येत होती, आता तेथे फिकट पांढरा ठिपका दिसतो. हा कोडाचा प्रकार आहे का? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : टिकलीच्या गोंदातील काही रसायनांमुळे त्याच जागचा रंग जाणे ही त्वचारोगतज्ज्ञांना परिचित असलेली बाब आहे. घामाने त्वचा ओली राहते तेव्हा असा त्रास वाढतो. टिकली ताबडतोब बंद करून डॉक्टरांना दाखवावे; लवकर लक्ष दिल्यास रंग परत येण्याची शक्यता अधिक असते, आणि डाग इतरत्रही आहेत का हे तपासणीतूनच कळेल. कुंकू लावायचे झाल्यास तेही आधी कानामागे दोन दिवस लावून पाहावे, कारण स्वस्त कुंकवातील रंगही काहींना सोसत नाहीत. ज्यांना अद्याप त्रास नाही त्यांनी निदान एवढे करावे की टिकली रात्री आरशाला चिकटवून झोपावे आणि तीच जुनी टिकली आठवडाभर पुन्हा पुन्हा लावू नये.

प्रश्न : स्कूटरवरून कामाला जाते. सनस्क्रीन लावले की चेहरा पांढरट दिसतो, घाम अधिक येतो आणि ते डोळ्यांत उतरून झोंबते. सावळ्या त्वचेला त्याची खरेच गरज आहे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : सावळ्या त्वचेला उन्हाने भाजण्याचा धोका कमी असतो हे खरे, परंतु वांग आणि काळे डाग तिच्यावरच अधिक उमटतात; त्यामुळे गरज आहे. एसपीएफच्या आकड्यांमागे मात्र धावू नये. ३० एसपीएफ सुमारे ९७ टक्के यूव्हीबी किरणे अडवते आणि ५० एसपीएफ सुमारे ९८ टक्के. खरा फरक पडतो तो किती लावले यावर. चेहरा व मान यांसाठी तर्जनी व मधले बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेघा लागतात आणि बहुतेक जण त्याच्या निम्मेही लावत नाहीत. पांढरटपणा टाळायचा असेल तर त्वचेच्या रंगाची छटा असलेले सनस्क्रीन घ्यावे; त्यातील लोह-ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवते आणि वांग असलेल्यांना त्याचा विशेष फायदा होतो.

घामाची तक्रार दूर करण्यासाठी जेल स्वरूपाचे, पाण्यात टिकणारे सनस्क्रीन निघण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे लावून पंख्याखाली बसू द्यावे. भुवयांच्या वर आणि डोळ्यांभोवती ते न लावता तेथे झिंक ऑक्साइडची कांडी फिरवावी, कारण ती ओघळत नाही आणि कमी झोंबते. हेल्मेटखाली नायलॉनचा स्कार्फ बांधण्याची जी पद्धत पडली आहे, तिने चेहऱ्याभोवती वाफच कोंडते. त्याऐवजी पातळ सुती ओढणी वापरावी आणि ती रोज धुवावी. दुपारी पुन्हा उन्हात निघायचे असेल तर आधी घाम टिपून, चेहरा साध्या पाण्याने धुऊन, मग नवा थर द्यावा. घामावरच दुसरा थर चढवल्यास तो उतरणारच. घरी परतल्यावर सौम्य फेसवॉशने एकदा चेहरा धुणे पुरेसे आहे. आंघोळीचा साबण अल्कधर्मी असल्याने तो दिवसातून चार-पाच वेळा चेहऱ्यावर फिरवला तर त्वचा ओढल्यासारखी होते आणि लालसर पडून चुरचुरू लागते.